पाहुणा खेळाडू

"काका, पाहुणा म्हंजे नेमकं काय जी?"

प्रीतमनं विचारलं तेव्हा मी जावक रजिस्टरात एकोणतीस जानेवारीची तारीख टाकत होतो. तो टेबलासमोर जरा वाकून उभा होता. आमच्या खोलीतला पंखा फार खाली लटकतो आणि सहा फूट तीन इंचांच्या माणसाला तिथे सरळ उभं राहायची सोय नाही. नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरचा आमचा वर्धिनी ट्यूब्सचा कारखाना पोलादी नळ्या बनवतो, आणि का कोण जाणे, चाळीस वर्षांपासून एक बास्केटबॉलचा संघही पाळून आहे. त्या संघाची पत्रं लिहिणारा, शिक्के मारणारा, रेल्वेची तिकिटं काढणारा कारकून म्हणजे मी. ऑफिसात मला मधुकरराव म्हणतात आणि खेळाडू मला काका म्हणतात.

"पाहुणा म्हंजे पाहुणा," मी म्हटलं. "दोन महिने दुसऱ्याच्या घरी जेवाचं अन् मग आपल्या घरी याचं. काहून? कोणी बोलावलं तुले?"

"भिलाईवाले मांगून राहिले. गौरांग सर म्हणते, तिकडचा एक पोट्टा इकडं येईन, मी तिकडं जाईन. पाहुणा खेळाडू म्हून. एकतीस तारखेच्या आत सही पाह्यजे म्हणते."

"मग?"

"मग काही नाई. माहे पाच वर्षं तर नाई ना तुटत त्याच्यानं?"

हा प्रश्न कळायला आमच्या धंद्यातला जानेवारी कळायला हवा. आमच्या औद्योगिक लीगमध्ये आठ कारखान्यांचे आठ संघ. ऑक्टोबर ते मार्च सामने. खेळाडूंचे करार एकतीस मार्चला संपतात, पण खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत एकतीस जानेवारीला संध्याकाळी पाचला संपते. त्यामुळे ज्याचा करार मार्चमध्ये संपायचा आणि ज्याला पुन्हा घ्यायचं मनात नाही, असा खेळाडू जानेवारीत सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. एप्रिलमध्ये तो तसाही सुटणार. मग फुकट का सुटू द्यायचा? त्याला दुसरीकडे देऊन बदल्यात आपल्या कामाचा कोणीतरी आणायचा. एकतीस वर्षं मी ही पत्रं टाइप करतो आहे. प्रत्येक पत्रात 'परस्पर संमतीने' असे दोन शब्द असतात आणि ते टाइप करताना माझी बोटं कधी अडखळली नाहीत.

पण वर्धिनीत एक जुना नियम होता. लागोपाठ पाच हंगाम संघाकडून काढले की खेळाडूला कारखान्यात पक्की नोकरी. स्टोअरमध्ये, टाइम ऑफिसात, गेटवर, कुठेही, पण पक्की. आणि खेळाडूच्या सहीशिवाय त्याची अदलाबदल होत नाही. प्रीतमचा हा पाचवा हंगाम होता. त्यानं सही केली नसती आणि मार्चअखेरपर्यंत नुसतं बेंचवर बसून टाळ्या वाजवल्या असत्या, तरी त्याचं काम झालं असतं.

मी रजिस्टर मिटलं आणि खिडकीतून गेटकडे बोट दाखवलं. गेटवरच्या केबिनमध्ये नत्थूजी बसले होते. तेही सव्वासहा फुटांचे, त्यामुळे केबिनच्या खिडकीतून त्यांचा चेहरा कधी दिसत नाही, फक्त खाकी सदऱ्याची बटणं दिसतात.

"नत्थूजीले पाह्य. अठ्ठ्याण्णव साली पाचव्या हंगामात तेही पाहुणे म्हून भिलाईलेच गेले होते. पत्र म्याच टाइप केलं होतं. एप्रिलमध्ये वापस आले अन् त्याच महिन्यात पक्के झाले. पाहुण्याचं घर बदलत नाही बाबू. हंगाम आपल्याच खात्यात राहते."

"तुमी सांगता म्हंजे झालं," प्रीतम म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. मी उठून कपाट उघडून एकदा नियम पाहायला हवे होते. कपाट माझ्या खुर्चीपासून तीन पावलांवर आहे.

प्रीतम सोमाजी रामटेके, राहणार उमरेड, वय चौतीस. बास्केटबॉलमध्ये टाळ्या पडतात त्या चेंडू रिंगमध्ये टाकणाऱ्याला. प्रीतम तो नव्हे. त्याचं काम उभं राहायचं. आपला गडी चेंडू घेऊन धावला की त्याच्या मागे लागलेल्या विरोधी खेळाडूच्या वाटेत जाऊन थांबायचं, धक्का छातीवर घ्यायचा आणि पडायचं नाही. याला स्क्रीन लावणं म्हणतात. त्यात एकच अट आहे, की एकदा उभं राहिलं की हलायचं नाही. हललं की फाउल. पाच वर्षांत प्रीतमच्या नावावर असा फाउल मी तरी कधी लिहिला नाही. सामन्यानंतर पेपरात देण्यासाठी बातमी मीच तयार करतो. त्यातही त्याचं नाव कधी लिहावं लागलं नाही.

तो आमच्याकडे एकोणतिसाव्या वर्षी आला. त्या वयात बाकीचे खेळणं सोडायच्या गोष्टी करतात. त्याआधी धंतोलीतल्या एका क्लबकडून खेळायचा आणि सकाळी भाजीबाजारात पोती उतरवायचा. त्याचे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे कामाला होते. जन्मभर ठेकेदाराकडेच राहिले, खाणीच्या हजेरीवर त्यांचं नाव कधी लागलं नाही. आई सिंधूताई हातमागावर बसायची. उमरेडचे जुने माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात, विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. तीस वर्षं तसं बसून तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. आता तिला दाराच्या उंबऱ्यावरून उतरायलाही भिंत लागायची.

पक्क्या कामगाराला घरच्यांसाठी दवाखान्याचं कार्ड मिळतं. ते कार्ड दाखवलं की धंतोलीतल्या मोठ्या हॉस्पिटलात गुडघ्याचं ऑपरेशन होतं. प्रीतमला नोकरी हवी होती ती त्या कार्डासाठी. हे त्यानं पहिल्या वर्षीच मला सांगितलं होतं, आणि दर वर्षी हंगाम संपला की यायचा आणि बोटं दाखवायचा. दोन राहिले, काका. एक राहिला.

एकतीस तारखेला दुपारी गौरांग सरांनी मला बोलावलं. हे आमचे क्रीडा अधिकारी, पुण्याचे, पस्तिशीचे. वाईट माणूस नाही. वाईट असते तर मला फार सोपं गेलं असतं.

"मधुकरराव, प्रीतमचं पत्र तयार आहे ना? तो तुमचं ऐकतो. तुम्हीच जरा सही घेऊन या. भिलाईचा मुलगा बावीस वर्षांचा आहे, सहा फूट सात. पुढची पाच वर्षं आपल्याला बघायला नको."

"त्याचं पाच वर्षांचं काही अडणार नाही ना सर?" मी विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर मला माहीत असल्यासारखं विचारलं.

गौरांग सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली. "सर्व्हिसचं तुम्ही बघता ना? मी फक्त टीम बघतो."

"हो, ते मी बघतो," मी म्हणालो. मला त्याचा अभिमानही वाटला.

प्रीतम मैदानावर एकटाच रिंगखाली उड्या मारत होता. गेल्या दोन हंगामांत त्याला सामन्यात चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणी उतरवलं नव्हतं. पत्र त्याच्या हातात दिलं तर त्यानं ते न वाचताच माझ्या पाठीवर ठेवलं, कारण तिथे टेबल नव्हतं. मी वाकलो. त्याच्या पेनाचं टोक मला सदऱ्यातून टोचलं.

"भिलाईचा कोच म्हणे काका, पूरे चाळीस मिनट खेळाले भेटन. त्याईचा बोर्डाखालचा माणूस जखमी हाय. चाळीस मिनट, बाप्पा. किती दिवस झाले."

"खेळून घे मग पोटभर. अन् एप्रिलमध्ये पेढे घेऊन ये."

"मायच घेऊन येईन तुमच्यासाठी. चालत येईन," तो म्हणाला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी पत्राला जावक क्रमांक दिला आणि लीगच्या कार्यालयाला मेल पाठवला. मुदतीच्या वीस मिनिटं आधी. आमच्या घरी सांगतात की माझे खापरपणजोबा भोसल्यांच्या दफ्तरात कारकून होते. आम्ही पिढ्यानपिढ्या लिहिणारे. वाचणाऱ्यांतला आमच्या घरात कोणी झाल्याचं ऐकलं नाही.

फेब्रुवारीत प्रीतमचे फोन यायचे. भिलाईत त्याला कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये ठेवलं होतं. "काका, इथी पाहुण्याले अंडे देते सकाळी," असं सांगून हसायचा. तिथल्या पेपरात एकदा त्याचा फोटो आला. चेंडू दुसऱ्याच्याच हातात होता, पण मागे उभा असलेला प्रीतम पूर्ण दिसत होता, पायांपासून डोक्यापर्यंत. त्यानं तो मला मोबाइलवर पाठवला. मी त्याचा प्रिंट काढला आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, की हा आपला पोरगा, सध्या पाहुणा गेला आहे. नत्थूजींनाही नेऊन दाखवला. नत्थूजी बराच वेळ फोटो पाहत राहिले.

"मी पण असाच गेल्तो गा," ते म्हणाले. "मले तं भिलाईत गादी पुरत नव्हती. पाय बाहेर."

मार्च संपला. भिलाईचा संघ चौथा आला, आमचा सहावा. एप्रिलच्या नऊ तारखेला पक्क्या नोकऱ्यांची यादी मुख्य कार्यालयाकडून आली. तिच्यावर आवक शिक्का मारताना मी सवयीनं आधी तारीख बघितली, मग क्रमांक टाकला आणि मगच नावं. दोनच नावं होती. एक आमच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आणि एक कॅरमवाला. मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

मी यादी घेऊन तसाच गौरांग सरांकडे गेलो. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, दोन मिनिटं 'ओके, ओके' केलं आणि फोन खाली ठेवला.

"नियम चौदा," ते म्हणाले. "नवीन नियमावलीत पाहुणा खेळाडू म्हणून नोंद झाली की सेवेत खंड धरतात. त्याचा हा हंगाम आपल्याकडे मोजलाच नाही. आणि करार मार्चमध्ये संपला, तो आता पुन्हा होणार नाही."

"नवीन नियमावली कधी आली?"

"दोन वर्षं झाली मधुकरराव. तुमच्याकडेच आहे. तुमचाच शिक्का आहे त्यावर. मला वाटलं, तुम्ही त्याला सांगून, समजावून सही घेतलीत."

मी परत आलो आणि कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, बरोबर जिथे असायला हवं तिथे, खाकी पाकीट होतं. वर माझ्या अक्षरात आवक क्रमांक ७१२ आणि जुलैची तारीख. शिक्का सरळ, जराही न फाकलेला. एकतीस वर्षांत माझा एकही शिक्का तिरपा पडलेला नाही. पाकीट फोडलेलं होतं, पण आतल्या कागदांची घडी कारखान्यात आली तशीच होती. मी ती पहिल्यांदा उलगडली. इंग्रजीत होतं. नियम चौदा तीन ओळींचा होता आणि त्यात समजायला कठीण असा एकही शब्द नव्हता.

त्या दिवशी मी मुख्य कार्यालयाला अर्ज लिहिला. चूक खेळाडूची नाही, माझी आहे, मी त्यास चुकीची माहिती दिली, तरी त्याच्या प्रकरणाचा विचार व्हावा, असा. त्यालाही जावक क्रमांक दिला. दहा दिवसांनी उत्तर आलं. ते मात्र मी शिक्का मारण्याआधी वाचलं. 'नियमात बसत नाही' एवढंच होतं. माझ्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मला मेमो आला असता, पगारवाढ थांबली असती, तरी जरा झोप लागली असती.

प्रीतमला तोवर कोणी काही कळवलं नव्हतं. कळवायचं पत्र मीच टाइप करायचं होतं, आणि ते मी पोस्टानं पाठवू शकलो नाही. रविवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेडची एसटी धरली. पत्र सदऱ्याच्या खिशात होतं आणि गाडीत बसलेला सगळा वेळ मी त्यावर हात ठेवून होतो.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. प्रीतम घरीच होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याशेजारी तो भिलाईचा फोटो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला. सिंधूताई भिंतीला धरून उठायला लागल्या.

"बसा, बसा ताई, उठू नका."

"जय भीम भाऊ. पहिल्यांदा आले तुमी आमच्या घरी, अन् मी बसून राहू?" त्या उभ्या राहिल्याच. मग प्रीतमच्या बायकोकडे, पायलकडे वळल्या. "पायल, भाऊले पाणी दे वं. अन् चहा ठेव. पाहुणे हायेत."

मी पाणी प्यायलो. सिंधूताई माझ्यासमोर खाटेच्या कडेवर टेकल्या आणि गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून बोलायला लागल्या. याचे बाबा कसे तीस वर्षं ठेकेदाराची वाट पाहत दारात उभे राहायचे, कोणत्या दिवशी काम आहे न् कोणत्या दिवशी नाही ते सकाळी कळायचं. "ते म्हणे, एक दिवस पक्का होईन मी. नाई झाले. आता हा होते तं त्याईचंच झाल्यासारखं हाय. तुमी सगळं करून राहिले म्हणते प्रीतम. काका हाय तं काई चिंता नाई म्हणते."

मी पायलच्या हातातून चहाचा कप घेतला. घाईत ओठांना लावला तर चहा बशीत सांडला. सिंधूताई म्हणाल्या, असू द्या, गरम हाय. त्यांच्यासमोर मला ते सांगता आलं नाही. मी एकोणसाठ वर्षांचा माणूस, आणि मला एका बाईच्या गुडघ्यांकडे बघवत नव्हतं.

प्रीतम मला स्टँडपर्यंत सोडायला आला. मला वाटतं मी घरात शिरलो तेव्हाच त्याला काहीतरी कळलं असावं. स्टँडच्या शेडखाली मी त्याच्या हातात पत्र दिलं आणि तोंडानं सगळं सांगितलं. नियम चौदा, दोन वर्षं, खाकी पाकीट, घडी. मध्ये एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यानं पत्र वाचलं. उभ्या-उभ्या, सावकाश, ओठ हलवत.

"तुमच्याजवळच होतं ते पाकीट?"

"हाव."

"तुमी वाचलं नव्हतं?"

"नाही."

त्यानं पत्राची घडी घातली. दुसरीच एक गाडी आली आणि गेली. माझी नागपूरची गाडी लागली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला. मला वाटत होतं त्यानं मला शिव्या द्याव्यात. कॉलर धरली असती तरी मी हललो नसतो.

"मले त्याच दिवशी वाटलं होतं का बसून राहावं," तो शेवटी म्हणाला. "दोन महिने तं होते. बेंचवर बसाचं, पानी प्याचं. पण खेळाची लालच सुटली. स्क्रीन लावली का हलाचं नसते, काका. मीच हललो."

"तू नाही हललास. मी हलवलं तुला."

"तसं नाई लिहीत फाउल," प्रीतम म्हणाला. "जो हलते त्याच्या नावावर जाते."

मग त्यानं मला गाडीत चढवलं, खिडकीजवळची जागा मिळवून दिली. "मायले मी सांगतो. तुमी काही नका बोलू. अन् चाळीस मिनट तं खेळलो ना जी. नऊ सामने. ते तं कोणी नाई वापस घेऊ शकत."

गाडी सुटली तेव्हा तो शेडखाली उभा होता. शेड उंच होती, तरी तो वाकूनच उभा होता.

मे महिन्याच्या शेवटी, भर उन्हात, दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसात माझ्या खोलीच्या दारात सावली पडली. प्रीतम होता. अंगावर निळा युनिफॉर्म, खांद्यावर कुठल्याशा सिक्युरिटी कंपनीचा बिल्ला. एका मॉलच्या दारात लागला होता, ठेकेदाराकडून.

"उभं राहाचंच काम हाय," तो म्हणाला. "सवय हाय."

"आई कशी आहे?"

"आनलं हाय तिले. सरकारी मेडिकलले नंबर लावला. पायल हाय तिच्याजवळ, रांगेत. आज नाई होत म्हणते, पुढच्या महिन्यात या म्हणते. म्हटलं तवर तुमाले भेटून याव."

भिलाईहून आलेला सहा फूट सातचा पोरगा तेवढ्यात माझ्याकडे प्रवासभत्त्याचा फॉर्म मागायला आला. त्यानं पंख्यापासून डोकं वाचवलं, प्रीतमकडे बघून 'नमस्ते भैया' केलं आणि फॉर्म घेऊन गेला. प्रीतमनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चांगला हाय," तो म्हणाला. "पण उडी लवकर मारते. सांगजा त्याले."

मी चहा मागवला. आम्ही प्यायलो. टेबलाच्या काचेखाली त्याचा फोटो अजून होता. त्यानं पाहिला असावा, कप त्यावर न ठेवता बाजूला ठेवला. मला त्याची माफी मागायची होती. दीड महिना ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते कितीदा मनात टाइप केलं होतं, पण समोर तो बसला होता, कपाळावर टोपीचा वळ उमटलेला, आणि घड्याळ बघत होता, कारण त्याला चारला ड्युटीवर पोचायचं होतं. ते वाक्य तसंच राहिलं.

"येतो काका," म्हणून तो उठला. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबला आणि खिशातून गुलाबी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "याच्यावर तुमची सही लागते म्हणते नत्थूजी. नाई तं गेटातून बाहेर नाई सोडत."

ती आमच्या गेटवरची बाहेरच्या माणसांना द्यायची चिठ्ठी होती. पाच वर्षं प्रीतम त्या गेटातून नुसता हात वर करून आत यायचा. आता त्याचं ओळखपत्र संपलं होतं आणि नत्थूजींनी नियमानं चिठ्ठी फाडली होती. अशा चिठ्ठ्या माझ्यापुढे दिवसाला दहा येतात आणि मी फोनवर बोलता बोलता त्यांवर सही करतो. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. नाव, प्रीतम सोमाजी रामटेके. कुठून आले, उमरेड. त्याखाली छापलेलं होतं: ठेकेदार, पुरवठादार, पाहुणा. तिसऱ्या शब्दापुढे नत्थूजींनी निळ्या शाईनं खूण केली होती. कोणाला भेटायचं, तिथे माझं नाव. इथवर अक्षर नत्थूजींचं होतं. शेवटचा रकाना 'काम' असा होता आणि तो येणाऱ्यानं स्वतः भरायचा असतो. त्यात प्रीतमनं त्याच्या सावकाश, गोल अक्षरात लिहिलं होतं, काही नाही.

मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.